वाट चालणारा वाडा

दिवाळी सरली की माण, खटाव, फलटणकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, घाट उतरून कोकणाकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, त्यांच्यावर बांधलेलं कोकरू. पुढे कारभारीण, मागे मेंढरं.

दुष्काळी मुलूख म्हटलं की आपल्याला टँकर आठवतो. मेंढपाळ मात्र पाण्याची वाट बघत बसत नाही, तो चाऱ्यामागे चालतो. कोकणात भात कापलेलं असतं, खाचरं मोकळी असतात. तिथं मेंढरं रात्री बसवली की लेंडी आणि मुतानं रानाला खत मिळतं. शेतकरी त्यापोटी धान्य देतो, हल्ली रोख पैसेही. रासायनिक खताचं पोतं घेणाऱ्यालाही हा सौदा परवडतो, बरं का! पावसाआधी वाडा घाटावर परत येतो, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला ओलावा सोसत नाही; खुरं सडतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांच्या नावे केलं आहे. इथं मात्र गायरानं आक्रसली, जुन्या वाटांवर कुंपणं आली, लोकरीला भाव उरला नाही. तरी वाडे निघतातच. मुक्कामाचं गाव कोणतं, हे आता मोबाइलवर ठरतं.