पुंडलिक सांगणाऱ्याने वृद्धाश्रमात जावे काय?



येत्या कार्तिकी एकादशीनंतर मी वृद्धाश्रमात राहायला जाणार आहे. वय शहात्तर, गुडघे थकलेले, आमची मंडळी चार वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाली, मुलगा-सून दिवसभर कामावर. हे कळल्यापासून लोक एकच विचारतात, "बुवा, जन्मभर पुंडलिकाचे आख्यान लावलेत, आणि शेवटी वृद्धाश्रम?" प्रश्न टोचतो, पण रास्त आहे. आपला देव थांबला तोच मुळी एका मुलाच्या मातृपितृसेवेसाठी. मग त्याच्या माळकऱ्याने म्हातारपणी परक्यांच्या हाती जाणे संप्रदायाला धरून आहे काय?

आख्यान नीट पाहा. पुंडलिक आधी आईबापांना छळणारा. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला उपरती झाली आणि तो सेवेला लागला. देव दारी आला तेव्हा त्याने वीट भिरकावली व थांबायला सांगितले. सेवा मुलाच्या आतून उगवली, कोणी वसूल केली नाही. म्हणून हे आख्यान मुलाने स्वतःला सांगायचे. बापाने मुलापुढे धरायची ती हुंडी नव्हे. आणि देवाचे पाहा. ज्याचा अधिकार सर्वांत मोठा, तोच कमरेवर हात ठेवून वाट पाहत राहिला.

कोणी म्हणेल, मग मुलाचे कर्तव्य संपले? मुळीच नाही. महिन्याचे पैसे भरले म्हणजे पुंडलिक झाला, असे नाही. येऊन जवळ बसणे, औषधाची चिठ्ठी स्वतः वाचणे, ही सेवा त्याच्याकडे उरतेच. आणि ज्यांना घराबाहेर काढले जाते त्यांची गोष्ट वेगळी. तिथे अन्यायाला वैराग्य म्हणू नये.

मग तयारी कसली करायची? तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, पण आपल्या वाट्याची. भावाच्या वाट्याची त्याला दिली. आपणही मुलासाठी केलेल्या खर्चाचा आणि जागलेल्या रात्रींचा हिशेब बुडवावा. पण दुसऱ्याचा वाटा आपल्या त्यागात बुडवू नये. पत्नी हयात असेल तर तिच्या निवाऱ्याचा विचार आधी करा. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केलेच, तर सांभाळाची अट त्यात लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट पाळली नाही तर ते पत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून मागता येते.

जाण्याआधी आठ दिवस तिथे राहून पाहा. अनामत परत मिळते का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, एकादशीला फराळाचे मिळते का, हे विचारा. आणि पहाटेच्या आपल्या हरिपाठाने शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडेल का, हेही विचारा.

सर्वांत अवघड तयारी सेवा घेण्याची आहे. सेवा करताना मनाला बरे वाटते. घेताना अहंकार दुखतो. वारीत आपण अनोळखी माणसालाही माऊली म्हणून त्याच्या पाया पडतो. उद्या आंघोळ घालणारी बाई, कपडे बदलणारा पोऱ्या, हेही माऊलीच. तिथे आवाज चढला तर इतक्या वाऱ्या पायांनी झाल्या, मनाने नाही, असे समजावे.

शेवटी एक दृष्टांत. सप्ताहात अखंड वीणा असते, ती खाली ठेवत नाहीत. आपला पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात घालतो, त्याच्या पाया पडतो आणि बाजूला होतो. वीणा टाकून गेला, असे त्याला कोणी म्हणत नाही. संसाराच्या पहाऱ्याचेही तसेच आहे. तो वेळेवर, हसतमुखाने पुढच्याच्या हाती द्यावा. पहारा संपतो, भजन चालूच राहते. मी टाळ बरोबर नेणार आहे.

रामकृष्ण हरी.