आळ्याशेजारी

सटाणा-मालेगावकडे तुमची डाळिंबाची बाग असेल तर तिथे, नसेल तर मनातल्या मनात, एका झाडाच्या आळ्याशेजारी बैठक मारा. ठिबक नुकतंच बंद झालंय. श्वास चाललाय तसा चालू द्या.

ड्रिपरखालची वीतभर माती खुरप्यानं अलगद उकरा. एक पांढरी मुळी बोटांत धरा. तिच्यावर मण्यांसारख्या गाठी आहेत? लगेच काही ठरवू नका, नुसतं बघा. ही सूत्रकृमीची वस्ती; बागेत सगळे तिला निमॅटोडच म्हणतात. गाठीत मादी एका जागी बसून मुळीचा रस ओढते आणि चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. उबदार मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. वर पान पिवळं पडतं, फळ फुगत नाही, आणि आपण खताचा डोस वाढवतो. त्या खर्चाचा विचार आला तर येऊ द्या, जाऊ द्या.

आता आणखी खाली, डोळा पोचत नाही तिथे चला. मातीच्या कणांमधून बुरशीचे तंतू गेलेत. आर्थ्रोबोट्रिस नावाची बुरशी एरवी कुजका काडीकचरा खाते. अन्न तुटलं आणि कृमीची चाहूल लागली की चिकट जाळं विणते. कृमी एकमेकींना ओळखायला जी रसायनं सोडतात, त्यांवरूनच तिला ही चाहूल लागते! झॉफ या जर्मन अभ्यासकानं ही शिकार १८८८ साली नोंदवली. तिच्या एका भाऊबंदाकडे तीन पेशींचं कडं असतं. कृमी आत शिरली की सेकंदाच्या दहाव्या भागात पेशी फुगतात आणि ती आवळली जाते.

इथे थोडं थांबा. हे सगळं पायाखाली चालू असतं.

दुकानात सहज मिळते ती पॅसिलोमायसिस ही बुरशी मात्र जाळं टाकत नाही. ती अंड्यांत शिरून त्यांना आतून खाते. शेणखतात मुरवून, निंबोळी पेंडीसोबत ती आळ्यात देतात. आठ दिवसांत फरक शोधू नका. गाठीतली मादी बहुधा तशीच राहते, घटते ती पुढची पिढी.

आता स्वतःच्या हातांकडे लक्ष न्या. मर रोगाच्या धास्तीनं याच आळ्यात बुरशीनाशकाची आळवणी करणारे हेच हात. झाड मारणारी बुरशी कोणती आणि अंडी खाणारी कोणती, हे बहुतेक औषधांना कळत नाही. त्यात मरीच्या बुरशीला वाट मिळते ती निमॅटोडनं केलेल्या जखमांतून. एकाच आठवड्यात बुरशीनाशक आणि पॅसिलोमायसिस दोन्ही ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माती परत लोटा. आणि नवी लागवड कराल तेव्हा गुटी कलमाची एखादी पिशवी फाडून मुळी पाहा. गाठ दिसली तर ती रोपं घेऊ नका. वावरात एकदा शिरलेला निमॅटोड कमी करता येतो, पुरता काढता येत नाही.