यंत्राला विसावा लागतो का?

यंत्र थकते का, हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण कोलकात्यातल्या सियालदहच्या परिसरात तो दोन वेगळ्या वाटांनी हाताळला गेला आहे. स्टेशनापासून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने उत्तरेकडे गेले की जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ साली स्थापन केलेले बसू विज्ञान मंदिर लागते. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९०२ च्या आपल्या ग्रंथात, बोसांनी स्नायू, वनस्पती आणि धातू यांच्या विद्युत प्रतिसादांचे आलेख शेजारी शेजारी मांडले होते. वारंवार चेतवल्यावर धातूचाही प्रतिसाद मंदावतो आणि उसंत मिळाली की पुन्हा उभारी घेतो, असे त्यांचे म्हणणे. दुसरी वाट पूजेची. दरवर्षी बहुधा १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा येते आणि शहरभरची गॅरेजे, छापखाने, कारखाने हत्यारे धुऊन-पुसून मांडतात. त्या दिवशी पाना कोणी उचलत नाही. आपली खंडेनवमी याच जातीची. दोन्हीकडे गृहीत एकच दिसते: राबणाऱ्या वस्तूला विसावा द्यावा.

हे गृहीत मोटारसायकलीवर तपासून पाहावे. कॅनडात राहणारा मराठी माणूस बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ यांच्या भीतीने हिवाळाभर गाडी बंद ठेवतो. कोलकात्यात उलट हिवाळा हाच गाडी चालवण्याचा खरा मोसम. तिथे काय किंवा कोकणात काय, गाडी झाकून ठेवायची ती पावसाळ्यात. पण ऋतू कुठलाही असो, उभ्या गाडीची अवस्था सुधारत नाही, बिघडते. बॅटरी आपोआप उतरत जाते आणि तशीच राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते. कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या बारीक छिद्रांत चिकट राळ बसते. इंजिनातले जुने तेल आम्लधर्मी झालेले असते आणि न फिरणाऱ्या भागांना आतून खाते. टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली कोंडलेली दमट हवा बाहेरच्या पावसाइतकेच गंजवते. चासीला धातूच्या थकव्याने तडा गेला असेल, तर चार महिने उभी ठेवल्याने तो बुजत नाही. बोसांच्या आलेखांचा मान ठेवूनही म्हणावे लागते, की गाडीला विसावा लागत नाही. नुसता विसावा हा तिच्या बाबतीत सावकाश होणारा नाशच आहे.

मग थांबवण्याला अर्थ उरतो का? उरतो, पण तो थांबवणाऱ्याच्या बाजूने. चातुर्मासात जैन मुनी एका गावी मुक्काम करतात, कारण पावसात चालताना पायाखाली जीव मरतात. विहार थांबतो; स्वाध्याय, प्रवचन, प्रतिक्रमण चालूच राहते, बहुधा वाढते. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहण्याची जी गोष्ट आहे, तिचा इतका रोकडा दाखला दुसरा नसेल. गाडी ठेवणाऱ्यालाही हेच लागू पडते. ठेवण्यापूर्वी तेल बदलणे, टाकी काठोकाठ भरणे म्हणजे आत हवेला आणि तिच्यातल्या ओलाव्याला जागा राहत नाही, बॅटरी काढून अधूनमधून चार्ज करणे, चाके अधांतरी राहतील अशी गाडी टेकवणे, सुती आच्छादन घालणे. ही कामे केली तर ते ठेवणे. न केली तर ते टाकून देणे, मग वर झेंडूचा हार असो वा नसो.

कोणी म्हणेल, निर्जीव लोखंडाशी धर्म कसला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. गाडीला दुःख होत नाही, तेव्हा तिच्यावर दया करण्याचा प्रश्न नाही. पण तिच्यात खाणीतले खनिज आहे, ओतशाळेतल्या आणि गॅरेजमधल्या माणसांचे श्रम आहेत. ते पैसे देऊन आपल्याकडे आले म्हणून आपल्या आळसाने कुजवण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय गंजलेल्या ब्रेकची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस मोजतो. पूजेच्या दिवशीही मला हाराआधीची ती धुणी-पुसणी अधिक धार्मिक वाटते.

अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो चातुर्मास पाळणाऱ्यांच्याच घरातून येतो: चार महिने जी वस्तू लागत नाही ती बाळगायची कशाला? हा तर परिग्रह. याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. लागत नसलेल्या वस्तूची मनोभावे निगा हीसुद्धा आसक्ती असू शकते, आणि चकचकीत गाडीभोवती घुटमळणारे शौकीन पाहिले की ती बहुतेकदा असतेच. तरी शेतकऱ्याचा नांगरही वर्षाचे बरेच महिने आढ्याला टांगलेला असतो आणि त्याला कोणी संचय म्हणत नाही, कारण मोसम आला की तो उतरतो. गाडीलाही हीच कसोटी लावावी. मोसम येऊनही जी आच्छादनाखालून बाहेर निघत नाही, ती मालकाने विकून टाकावी, आणि तीही चालू अवस्थेत.