आजीचं छप्पर

निवांत बसा. मे सरत आलाय, असं मनात आणा. कोकणातलं एखादं कौलारू मातीचं घर डोळ्यांपुढे येऊ द्या. मुलगे मुंबईला, इथे आजी एकटी. वाडीतली चार पोरं तिची कौलं चाळून द्यायला आली आहेत. त्यांच्यात तुम्हीही आहात.

शिडी लावण्याआधी तिला विचारा, "आजी, कुठं कुठं गळतं?"

ती बोट दाखवते. चुलीच्या वर. देव्हाऱ्याच्या अलीकडे. तिथे खाटेच्या पायथ्याशी, तिथे पातेलं ठेवावं लागतं. पावसाळाभर रात्री-अपरात्री उठून तिनेच ती भांडी रिकामी केली आहेत. हे छप्पर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मध्ये बोलू नका, सगळं ऐकून घ्या.

आता वर या. एक मंगलोरी कौल अलगद उचला. हाताला वजन लागतं, दोन-अडीच किलोचं. उलटून पाहा: केसाएवढी चीर, कडेला शेवाळ, खाली अडकलेला पाचोळा. पाणी याच पाचोळ्यामुळे तुंबतं आणि आत उतरतं. माकडांच्या उड्यांनी फुटलेली कौलं बाजूला काढा. रीप अंगठ्याने दाबून बघा. वाळवीने पोखरली असेल, तर नुसती कौलं बदलून भागणार नाही. मग वळचणीकडून आढ्याकडे, सावकाश, एकेक ओळ बसवत चला.

मध्येच नजर खाली जाते. दोरीवरचं लुगडं, रिकामे डबे, उशाशी औषधाच्या पुड्या. सगळं घर उघडं पडलंय. इथे जरा थांबा. तिने तुम्हाला वर चढू दिलं, हा विश्वास केवढा, ते मनात उतरू द्या. मला वाटतं, या कामात अंगमेहनतीपेक्षा नजर सांभाळणं कठीण आहे.

मदत घेणंही सोपं नसतं. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड-दापोलीकडची छपरं उडवली, तीही ऐन पावसाच्या तोंडावर. तेव्हा मदत मागण्याची वेळ कधीच न आलेल्या माणसांनाही ताडपत्रीसाठी हात पुढे करावा लागला. त्या हातांचा संकोच आठवा.

पूर्वी हे काम आळीपाळीने चाले. आज तुझं घर, उद्या माझं. आजीकडे परतफेडीला आता कुणी नाही, आणि ते तिला सलतं. म्हणून ती फणसाचे गरे पुढे करते. "राहू दे, कशाला?" म्हणू नका. ओटीवर बसा, पोटभर खा.

मागच्या पडवीचा वासा खचलाय. तुमच्यावर आणखी भार नको, म्हणून ती त्याबद्दल बोललेली नाही. तुम्हीच विषय काढा.