गळाला लागलेला जीव

मासा धरावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा, ही दया की नुसता खेळ? भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीजवळ तानसा नदीकाठी थंडीच्या दिवसांत एका मित्रासमवेत आम्ही गळ टाकून बसलो असता हा प्रश्न उभा राहिला. मित्राच्या गळाला मरळ लागली. त्याने ती अलगद सोडली आणि म्हणाला, "आपण पोटासाठी थोडेच आलो आहोत?"

त्याचा हात दयाळू होता. परंतु जखम दयेच्या आधीच झाली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून नदीत चढणारा स्टीलहेड मासा पुष्कळ ठिकाणी कायद्यानेच सोडावा लागतो, कारण त्याची संख्या घटली आहे. तेथे सोडण्यामागे उद्याच्या नदीचा विचार आहे. केवळ करमणुकीसाठी धरणाऱ्याजवळ कोणते कारण आहे?

योहानाच्या शुभवर्तमानातील २१व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू नुकत्याच धरलेल्या माशांतले काही आणावयास शिष्यांना सांगतो. निखाऱ्यांवर मासळी आहे, सोबत भाकर आहे. मासा मारणे तेथे दोष ठरत नाही. कारण त्यातून भुकेल्यांची न्याहारी होते.

म्हणून आम्हांस वाटते, गरजेपुरता जीव घेण्यापेक्षा त्याच्या वेदनेची करमणूक करणे अधिक गंभीर आहे. घ्यावे ते मोजके, वाटून आणि कृतज्ञतेने. पिलांची राखण करणाऱ्या मरळीच्या वाटेस तर जाऊच नये. आणि भूक नसेल, तर मित्राशेजारी नदीकाठी नुसते बसावे. मैत्रीला आमिष लागत नाही.