लोबानचा धूर

हैदराबादच्या सुलतान बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. तिथल्या एका मंडळाने कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर, 2021 च्या जानेवारीत, सभागृहात संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. चिटणीस तात्या भलतेच दक्ष. खुर्च्या दोनदा फिनेलने पुसून घेतल्या, दारात ताप मोजायला माणूस उभा केला. बोट लागायला नको म्हणून कुंकूसुद्धा कापसाच्या काडीने! खिडक्या मात्र बंद. बाहेरच्या कोठी भागातल्या रहदारीचा गोंगाट आत नको, आणि उकडू नये म्हणून एसी चालू. तिळगूळ खायला हनुवटीवर उतरलेले मास्क तिथेच राहिले. इतक्या महिन्यांनी भेटलेल्या बायका गप्प बसणार थोड्याच!

तेवढ्यात लोबानवाला आला. उंबऱ्याबाहेरूनच त्याने धूपदान हलवलं. एसीच्या झोताने धूर उचलला आणि थोड्याच वेळात शेवटच्या रांगेतल्या माईंना ठसका लागला.

तात्या कडाडले, "आत कशाला आलास रे?"

"मैं तो दरवाजे पेच खडा हूँ साब. खिडक्यां बंद हैं, धुआँ कां जाता?"

माई निवृत्त विज्ञानशिक्षिका. ठसका आवरून म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो. तात्या, खुर्च्या पुसल्यात ते ठीक, पण श्वास आपण हवेतून घेतो. तोंडातले मोठे थेंब मीटर-दोन मीटरवर पडतात; बोलताना उडणारे बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. धूर दिसला म्हणून कळलं, ते दिसतही नाहीत. आणि हा भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. आपल्या हबसीगुड्याच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेने चंदीगडच्या संशोधकांबरोबर रुग्णालयांतली हवा तपासली. कोविड वॉर्डातल्या हवेत विषाणू सापडला. खोलीत रुग्ण जितके जास्त आणि जितका जास्त वेळ, तितका तो सापडण्याचा संभव जास्त."

तात्या खिडकीशी गेले. मागच्या रंगकामात कडीच चिकटून बसली होती. खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून दोन खिडक्या उघडल्या. तिसरी काही केल्या हलेना. तरी समोरासमोरच्या त्या दोन खिडक्यांनी धूर पाहता पाहता बाहेर गेला. रस्त्यावरचे हॉर्न मात्र यथेच्छ आत आले.

रथसप्तमीच्या कार्यक्रमाची सूचना तात्यांनी स्वतः लिहिली : 'कार्यक्रम गच्चीवर होईल. शाली आणाव्यात. फिनेलच्या खर्चाला कात्री लावून सुताराला बोलावले आहे.'