सवडीची सेवा

शाळा सुटली की मुलाची शिट्टी, हजेरी आणि गुरुजींचा धाक ही तिन्ही एकदमच सुटतात. त्यानंतरही जो तरुण स्काऊटचा स्कार्फ गळ्यात बांधू इच्छितो, त्यास कोणी बोलावलेले नसते आणि तो न आला तर कोणी शोधावयासही जात नाही. असा एक तरुण मागील महिन्यात सायंआरतीनंतर आमच्यापाशी येऊन बसला. मल्हारगंजातच लहानाचा मोठा झालेला, दिवसा नोकरी व रात्री अभ्यास करणारा, आणि नुकताच रोव्हरांच्या एका गटात सामील झालेला.

रोव्हर म्हणजे बालवीर चळवळीतील वयाने मोठी शाखा. बेडन-पॉवेल यांनी १९१८ च्या सुमारास ती सुरू केली आणि १९२२ साली तिच्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपली होडी आपणच वल्हवावी, ही त्या पुस्तकातील मुख्य कल्पना. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. तिच्यातही पंचविशीपर्यंतच्या तरुणांचे रोव्हर 'क्रू' आहेत. ब्रीद एकच शब्दाचे : सेवा. क्रूची सभा आपले कार्यक्रम आपण ठरविते. वडीलधारा नेता असतो तो सल्ल्यापुरता. दीक्षेपूर्वी उमेदवाराने एकांतात बसून आत्मपरीक्षण करावे, अशीही प्रथा आहे. इंग्लंडात १९६६ च्या अहवालानंतर रोव्हर शाखा बंद झाली. पुढे या शतकाच्या आरंभी तेथे अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी जी नवी शाखा निघाली, तिच्यात तर जमेल तेव्हा यावे आणि आपले आपण आखावे, हाच नियम झाला.

तरुणाने विचारले, "काका, आमच्यात सक्ती कसलीच नाही. ज्याला जमेल त्याने यावे, असेच ठरले आहे. मग एखाद्या वेळी मी गेलो नाही, तर त्यात माझा दोष तो कोणता?"

प्रश्नामागची हकीकत आम्हांस ठाऊक होती. आमच्या पेठेतील एका जुन्या वाड्यात एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांची दृष्टी गेली आहे. त्यांना सायंकाळी दासबोध वाचून दाखविण्याचे या गटाने ठरविले. पहिले पंधरा दिवस नेमाने गेले. मग एके दिवशी तिघांपैकी प्रत्येकास वाटले, आज दुसरा जाईल. आणि कोणीच गेले नाही. मास्तर दिवेलागणीपर्यंत ओसरीवर पोथी मांडीवर घेऊन बसले होते. हे आम्ही कसे जाणतो? आम्ही त्याच वाटेने देवळात चाललो होतो. त्यांना पाहिले, नमस्कार केला आणि वाचणारी मुले येतीलच असे मनात म्हणून पुढे गेलो. तेव्हा त्या तरुणास दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रथम त्याच्या बाजूचे बोलू. सवडीप्रमाणे येण्याची मुभा म्हणजे आळसाला दिलेली सूट, असे आमच्या वयाची मंडळी सहज म्हणून टाकतात. ते अन्यायाचे आहे. ज्याची कामाची पाळी दर आठवड्यास बदलते, ज्याच्या डोक्यावर परीक्षा आहे, त्याने मुभेवाचून सेवा करावी तरी कशी? मुभाच नसेल तर सेवा रिकामटेकड्यांच्या वाट्याला जाईल.

शिवाय आज्ञेवाचून काही उभे राहत नाही, हेही खरे नव्हे. १९०९ साली बंगलोरास पहिले स्काऊट पथक निघाले ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना त्यात प्रवेश नव्हता. तेव्हा मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ साली अलाहाबादेत सेवा समितीचे बालवीर उभे केले. त्यांना तसा हुकूम कोणी दिला होता? दूर कशास जावे? आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहा. त्या कापड गिरण्यांच्या नावाने निघत आल्या. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले. मालक नाही, पगार नाही, हजेरीपुस्तक नाही, तरी कामगारांनी झांक्या काढणे सोडले नाही. त्या रात्री रस्त्याच्या कडेला मुलाबाळांना घेऊन बसलेले लोक आपली वाट पाहत आहेत, एवढे त्यांना पुरेसे झाले.

आमच्या मते प्रश्नाची गाठ येथेच आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ व पात्र पाहावे असे सांगितले आहे. यातील काळ कोणाचा? आपण बहुधा देणाऱ्याचा समजतो : पर्वकाळ पाहून, सवड पाहून दिले. पण भुकेल्याला अन्न द्यावयाचे तर काळ त्याच्या भुकेचा असतो. मास्तरांस जाऊन वाचावे की न वाचावे, हे ठरविण्यास तो तरुण पूर्ण मोकळा होता. "येतो" म्हटल्यावर मात्र ती सायंकाळ त्याची राहिली नाही, मास्तरांची झाली. शाळेत हजेरी गुरुजी घेत. येथे ती ओसरीवर बसलेला मनुष्य घेतो, आणि तो रागावतही नाही. म्हणूनच ती चुकविणे फार सोपे जाते.

हे आम्ही त्यास सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मग मी रोजचे कबूलच करायला नको होते." आम्हांस हे त्याचे उत्तर आमच्या प्रवचनाहून चांगले वाटले. उत्साहाच्या भरात सात दिवस देऊन तीन पाळण्यापेक्षा एकच द्यावा आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी तोंडाने तसे सांगून यावे. सभेत "कोणीतरी जाईल" असे न लिहिता नाव लिहावे. स्वतःचा कारभार स्वतः करणाऱ्या गटाला एवढे तरी करावेच लागते, कारण त्यांना विचारणारे दुसरे कोणी नाही.

आता त्याच्याकडे गुरुवार आहे. मंगळवार आम्ही घेतला आहे. गेल्या गुरुवारी देवळातून परतताना वाड्यावरून गेलो, तेव्हा समास अर्ध्यावर आला होता. हिंदी शाळेत शिकलेला मुलगा, 'ळ' आणि 'ल' यांत अडखळत होता. मास्तर त्याला दर ओवीला थांबवून सुधारीत होते, आणि त्यांचा आवाज आम्हांस पूर्वीच्या वर्गातल्यासारखा करडा वाटला.